थंडीत घोडा आणि स्वार तयार कसे ठेवायचे? आधी पायांचं बोलू

प्रश्न थोडक्यात असा: घोडा 11 वर्षांचा, हलक्या उड्या आणि मोकळ्या रानातल्या लांब फेऱ्या करणारा. हिवाळ्यात कामावरून परत येईपर्यंत अंधार पडतो, त्यामुळे आठवड्यातून तीनदाच बसायला मिळतं. गेल्या वर्षी थंडी सरेपर्यंत घोड्याचं पोट सुटलं, दम गेला, स्वाराचाही दम गेला आणि पहिल्याच मोठ्या फेरीनंतर दोघं दोन दिवस आखडून बसले. यंदा दम टिकवायला काय करावं?

तुमच्या प्रश्नात दमाचा उल्लेख वारंवार आहे, पायांचा एकदाही नाही. तिथूनच सुरुवात करते.

नियमित कामातल्या घोड्याला कुरणात मोकळं सोडून तीन-चार आठवडे सुट्टी दिली, तरी त्याचा दम फारसा उतरत नाही. उतरला तरी काही आठवड्यांच्या कामात परत येतो. स्नायूंना त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर), अस्थिबंध (हाड हाडाला जोडणारे पट्टे) आणि हाडं मात्र महिन्यांच्या हिशोबाने बदलतात. हाडावर भार पडत राहिला तर ते घट्ट राहतं, भार थांबला की विरळ होऊ लागतं. म्हणून खरी धोक्याची वेळ थंडी संपल्यावर येते. घोड्याला हुरूप आलेला असतो, श्वास पुरत असतो, स्वारालाही राहवत नाही, आणि पाय अजून तयार नसतात. घोडा काही सांगत नाही. तो पळतो.

याची किंमत मी एकदा मोजली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका हिवाळ्यात घोडीला दोन महिने जवळजवळ तबेल्यातच ठेवलं आणि मग तीन आठवड्यांत तिला 'फॉर्मात' आणली. नाडी झकास, श्वास झकास. चौथ्या आठवड्यात पुढच्या डाव्या पायाच्या मागच्या कंडऱ्याला ताण बसला. ती पुन्हा पूर्ण कामावर यायला वर्ष लागलं. तेव्हापासून हिवाळ्यातला माझा हिशोब साधा आहे: दम जेमतेम टिकला तरी चालेल, पायांवर मात्र नेमाने भार पडत राहिला पाहिजे.

आणि त्यासाठी सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे साधी चाल. लोक चालीला विश्रांती समजतात, कारण ते घोड्याला रेंगाळू देतात. खऱ्या चालीत मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशापलीकडे पडतो, मान मोकळी हलते, पाठ डोलते. अशी पाऊण तास चाल, त्यात चढ-उतार असले तर उत्तमच, हे पुठ्ठ्यांचं, पोटाचं आणि पायांचं एकत्र काम आहे. जमीन घट्ट असली तरी चालीला हरकत नाही, फक्त ती खाचखळग्यांची नको. गोठलेल्या, खाचा पडलेल्या चिखलावर दुडकी (ट्रॉट) किंवा कँटर (दुडकीहून वेगवान, पण भरधाव नसलेली धाव) अजिबात नको.

तुमच्या तीन दिवसांपैकी एक दिवस पूर्ण चालीला द्या. सुट्टीचा, उजेडाचा दिवस. तास-सव्वा तास, शक्य तेवढ्या चढांवर. तुम्हाला कंटाळा येईल, घोड्याला येत नाही.

दुसरा दिवस मैदानावर, दिव्याखाली, चाळीस मिनिटांचा. यात वेग नको, चालींचे बदल हवेत: चाल ते दुडकी, दुडकी ते थांबणं, थांबल्यावर दोन पावलं मागे, पुन्हा दुडकी. जमिनीवर चार-पाच बल्ल्या टाका. चालीसाठी त्यांच्यात 80 ते 90 सेंटीमीटर अंतर, दुडकीसाठी 1.2 ते 1.4 मीटर. घोड्याच्या उंचीप्रमाणे थोडं मागेपुढे करावं लागेल. बल्ल्या एका टोकाला वीतभर उचलल्या की घोडा गुडघा आणि मागचा ढोपराचा सांधा जास्त वाकवतो, पोट आवळतो, आणि हे सगळं वेगाचा धक्का न बसता होतं. थंडीतल्या व्यायामात मला बल्ल्यांइतकं आवडणारं दुसरं काही नाही. दहा-बारा फेऱ्या पुरेत. घोडा खूर आपटायला लागला की तो थकला आहे असं समजा आणि थांबा.

तिसरा दिवस दमाचा, पण जमीन साथ देईल तरच. तीन मिनिटं कँटर, तीन मिनिटं चाल, असे तीन फेरे. जमीन वाईट असेल तर चढावर दुडकी, तीच वेळ. आठवड्यातून एकदा एवढं केलंत तर दमाचा पाया मोडत नाही.

नाडी मोजायची सवय लावून घ्या. जबड्याच्या आतल्या कडेवर बोटं ठेवली की धमनी लागते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. विश्रांतीत मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते, कँटरमध्ये ती दीडशेच्या आसपास किंवा वर जाते. मला मात्र काम थांबवल्यानंतरचा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावर नाडी साठीच्या घरात उतरली तर ठीक. नेहमीचंच काम असून ती उतरायला वेळ लावत असेल तर घोडा दमलेला आहे, आजारी पडतोय किंवा कुठेतरी दुखतंय. वहीत लिहून ठेवलंत तर दोन महिन्यांनी तीच वही तुम्हाला सल्ला देईल.

आता अंग गरम करण्याबद्दल. उन्हाळ्यात दहा मिनिटं चाल पुरते, थंडीत किमान वीस धरा. यातली पहिली दहा मिनिटं खोगिरावर बसूच नका. लगाम हातात धरून घोड्याबरोबर झपाझप चाला. घोड्याची पाठ वजन येण्याआधी मोकळी होते, आणि बसण्याआधी तुमच्या पायांची बोटं, घोटे, कंबर गरम होते. गारठलेला स्वार खोगिरात धपकन बसतो आणि घोडा पाठ खाली दाबतो. मग अर्धा तास आपण "आज घोडा कडक आहे" म्हणत राहतो. उतरतानाही तेच: शेवटची दहा मिनिटं तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) एक-दोन भोकं सैल करून दोघांनी पायी चालायचं. तेवढ्यात तुमचे आठवड्याला चार-पाच किलोमीटर होतात.

कडियाळ (घोड्याच्या तोंडात बसणारा लगामाचा लोखंडी भाग) चढवण्याआधी तळहातात धरून कोमट करा. गोठलेलं लोखंड जिभेवर कसं लागतं हे एकदा स्वतः लावून बघायला मात्र सांगणार नाही.

किती थंडीत काम बंद करायचं, असं बरेच जण विचारतात. चालायला फार थंडी अशी सहसा नसते, पळवायला असते. कोरडी, गोठणबिंदूखालची हवा जोरात ओढली की श्वासनलिकांच्या आतल्या थराला इजा होते, सूज येते, आणि खोकला दोन दिवसांनी दिसतो. शून्याखाली गेलं की मी कँटर कमी करते. उणे 10 अंशांच्या आसपास फक्त चाल. त्यात तबेला बंद करून ठेवायची खोड वाईट. आपल्याला थंडी वाजते म्हणून आपण दारं-खिडक्या लावतो, आणि आत धूळ, बुरशी आणि मुताचा अमोनिया कोंडतो. सकाळी दार उघडताच तुमच्या डोळ्यांना झोंबलं तर घोड्याने रात्रभर तेच हुंगलेलं असतं. वारा थेट अंगावर नको, पण हवा खेळती हवी. वैरण धुळीची असेल तर भिजवून द्या.

ज्या चार दिवशी तुम्ही बसत नाही, ते दिवस वाया गेले असं मानू नका. घोडा दिवसभर मोकळा सुटत असेल तर तो स्वतःच काही किलोमीटर फिरतो, पायांना ते हवंच असतं. सुटत नसेल तर कुणाकडून तरी सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं हाताने चालवून घ्या. लांब दोरीवर गोल फिरवणं मात्र बेतानेच: वर्तुळ मोठं, दर काही मिनिटांनी दिशा बदलून, एकूण पंधरा-वीस मिनिटं. छोट्या वर्तुळात गरगर पळवून "जरा मस्ती जिरवली" हे सांध्यांना फार महाग पडतं.

गाजराचे ताण करता येतात. घोड्याने गाजराच्या मागे मान वळवायची: हनुवटी छातीकडे, मग दोन्ही गुडघ्यांच्या मधे, मग डाव्या-उजव्या बरगडीकडे, मग मागच्या पायाकडे. प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबवायचं, तीन ते पाच वेळा, हिसका न देता. आठवड्यातून पाच दिवस, तीन महिने नेमाने केलं तर पाठीच्या कण्यालगतचे खोल स्नायू वाढतात, हे मोजून पाहिलेलं आहे. अंधारातही होणारा, दहा मिनिटांचा व्यायाम.

पोट सुटण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: काम निम्मं झालं, चंदी (धान्याचा खुराक) तेवढीच राहिली. थंडीत घोड्याला ऊब धान्यातून फारशी येत नाही, गवतातून येते. मोठ्या आतड्यात वैरण आंबते तेव्हा उष्णता तयार होते, म्हणजे घोडा पोटात शेगडी घेऊनच फिरतो. त्यामुळे थंडी वाढली तर गवत वाढवा, चंदी नाही. 500 किलोच्या घोड्याला दिवसाला 8 ते 10 किलो कोरडं गवत हा नेहमीचा अंदाज. हिवाळी केस चांगले आलेल्या, कोरड्या राहिलेल्या घोड्याला बरीच थंडी चालते, पण प्रत्येकाची एक मर्यादा असते. तिच्या खाली तापमान दर अंशाने उतरलं की अन्नातली ऊर्जा साधारण 2.5 टक्के जास्त लागते. पाऊस आणि वारा एकत्र आले तर ही मर्यादा खूप आधीच येते, कारण भिजलेले केस अंगाला चिकटतात आणि मधली हवा जाते.

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. दाट केसांखाली हडकुळा घोडाही गुबगुबीत दिसतो. दर आठवड्याला हातमोजे काढून बरगड्यांवरून हात फिरवा. बरगडी दिसू नये, पण हलक्या दाबाने लागली पाहिजे. पाठीचा कणा, पुठ्ठे, खांद्यामागची जागा हेही चाचपून बघा आणि छातीचा घेर फितीने मोजून त्याच वहीत लिहा.

चंदीबद्दल आणखी एक, आणि हे गंभीर आहे. भरपूर चंदी खाऊन दोन दिवस उभा राहिलेला घोडा तिसऱ्या दिवशी एकदम कामाला लावला तर काही घोड्यांचे पुठ्ठे दगडासारखे आवळतात. घोडा घामाघूम होतो, पाऊल टाकत नाही, लघवी काळपट होते. अशा वेळी त्याला "चालवून मोकळा" करायला जाऊ नका. जागीच थांबवा, पाठीवर झूल टाका आणि डॉक्टरांना बोलवा. टाळायचं असेल तर सुट्टीच्या दिवशी, शक्यतो आदल्या संध्याकाळपासूनच, चंदी कमी करा आणि तो दिवसही उभ्याने काढू देऊ नका.

पाण्याकडे थंडीत हमखास दुर्लक्ष होतं. हिरव्या चाऱ्यात अर्ध्याहून जास्त पाणीच असतं, सुक्या गवतात जेमतेम दहा-पंधरा टक्के. म्हणजे हिवाळ्यात घोड्याला पिण्याचं पाणी जास्त लागतं, आणि नेमकं तेव्हाच ते बर्फगार असल्यामुळे तो कमी पितो. मग आतड्यात सुकी वैरण अडकते आणि पोटशूळ उठतो. बादल्या मोजून भरा: 500 किलोच्या घोड्याने दिवसाला 20 ते 40 लिटर प्यायला हवं. पाण्याची नुसती थंडी मोडली तरी फरक पडतो. रोज 25 ग्रॅमच्या आसपास मीठ चंदीत घालते मी, कारण गारठ्यात नुसती मिठाची वीट घोडे पुरेशी चाटत नाहीत. लीद कोरडी, बारीक गोळ्यांची दिसू लागली की आधी पाण्याकडे बघा.

केस कापायचे का? आठवड्यातून तीन दिवस आणि तेही बहुतांश चाल, तर पूर्ण कापू नका. मानेची खालची बाजू, छाती आणि पोटाखालचा पट्टा एवढंच पुरे, कारण घाम तिथेच जास्त येतो. जेवढं कापाल तेवढी ऊब झुलीने भरून द्यावी लागते, हे लक्षात ठेवा. दाट केसांचा घोडा घामाने भिजला आणि तसाच उभा राहिला तर दोन तास ओला राहतो. कामानंतर घाम शोषणारी लोकरीची झूल टाका, गवताच्या बोळ्याने चोळा, केस कोरडे झाल्यावरच रात्रीची झूल. झूल रोज काढून आत हात घाला. खांद्यावर घासलेली जागा, पाठीवरच्या खपल्या, झुलीखाली आलेला घाम, हे बाहेरून दिसत नाही. कान गार लागले म्हणून घोडा गारठला असं नसतं. हात झुलीखाली, खांद्यामागे घालून बघायचं.

खुरांचं थोडक्यात: थंडीत खूर हळू वाढतो, तरी नालबंदाची पाळी सहा ते आठ आठवड्यांच्या पुढे ढकलू नका. बर्फ असेल तर नालेत त्याचा गोळा बसतो आणि घोडा उंच टाचांवर चालल्यासारखा डगमगतो, तळव्याखाली बसवायची गादी नालबंदाकडून लावून घ्या. चिखलात उभ्या राहिलेल्या घोड्याचे पाय रोज धूत बसण्यापेक्षा चिखल वाळू द्या आणि ब्रशने झटका. सतत ओली राहणारी कातडीच खपल्यांना बोलावते.

आता तुमच्याबद्दल, कारण तुम्ही प्रश्नात स्वतःला शेवटच्या ओळीत ठेवलंय. घोड्याला तीन दिवसांचं काम एक वेळ पुरेल, स्वाराला पुरत नाही. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या मांडीच्या पुढचे, कमरेला जोडणारे स्नायू आखूड होतात. मग घोड्यावर गुडघा वर चढतो, टाच उचलली जाते, धड पुढे झुकतं आणि तोल सांभाळायला हात लगामाला लटकतात. मांड पक्की नसली की हात कधीच हलका होत नाही. माझ्या बघण्यात कडियाळाबद्दलच्या निम्म्या तक्रारी मुळात स्वाराच्या कमरेच्या असतात.

रोज वीस मिनिटं काढा. एक गुडघा जमिनीवर टेकवून, कंबर पुढे ढकलत मांडीचा ताण, दोन्ही बाजूंनी एकेक मिनिट. प्लँक आणि एका कुशीवरचा प्लँक, अर्ध्या मिनिटाचे दोन-तीन फेरे, श्वास न कोंडता. श्वास कोंडणारा स्वार कँटरमध्येही कोंडतो आणि घोडा त्याने ताठरतो. पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकायचा व्यायाम, हातात थोडं वजन घेऊन, कारण हलक्या बैठकीत, म्हणजे खोगिरावरून किंचित उठून बसताना, लागतो तो हाच जोर. दम वाढवायला आठवड्यातून दोनदा जिना, दोरीवरच्या उड्या, पोहणं, जे आवडेल ते. एक मिनिट जोरात, एक मिनिट सावकाश, असे आठ-दहा फेरे. दात घासताना एका पायावर उभं राहणं हा फुकटचा व्यायाम आहे. डोळे मिटून करून बघा, कुठली बाजू कच्ची आहे ते लगेच कळेल.

दोन वजनकाटे शेजारी ठेवून दोन्हींवर एकेक पाय टाका, समोर बघा आणि दुसऱ्याला आकडे वाचायला सांगा. माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांत चार-पाच किलोंचा फरक निघतो आणि सगळ्यांना धक्का बसतो. हाच फरक घोड्याच्या पाठीवर एका रिकिबीत जातो, आणि "माझा घोडा उजवीकडे वळत नाही" ही तक्रार तिथून सुरू होते. खरारा करताना, लीद काढताना हात बदलत राहा. दोन्ही हातांनी आलटून-पालटून केलं तर तोही व्यायामच आहे.

कपड्यांत एकच चूक सारखी दिसते: पायांत मोज्यांचे तीन जोड. बूट घट्ट होतो, रक्त फिरत नाही आणि बोटं जास्तच गारठतात. शिवाय जाड बूट रिकिबीत अडकला तर पडताना पाय सुटत नाही. बुटाच्या दोन्ही बाजूंना बोटभर मोकळी जागा राहिलीच पाहिजे. एक लोकरी मोजा, अंगावर पातळ कपड्यांचे दोन-तीन थर आणि अंधारात बाहेर पडणार असाल तर तुमच्यावर आणि घोड्याच्या पायांवर चकाकणाऱ्या पट्ट्या. तहान लागत नसली तरी पाणी प्या. घोड्याला वहीत मोजून पाजता, स्वतःला विसरता.

दिवस मोठे होऊ लागले आणि ब्रशला मूठमूठ केस यायला लागले की काम वाढवा. त्या वेळी वेळ आणि वेग एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत. आधी दोन-तीन आठवडे दुडकीची मिनिटं, मग कँटरची, उड्या सगळ्यात शेवटी. रोज सकाळी पायाला पट्टी बांधायच्या आधी चारही पायांच्या कंडऱ्यांवरून उघडा हात फिरवा आणि डाव्या-उजव्याची तुलना करा. एखाद्या ठिकाणी किंचित ऊब किंवा बोटाखाली भरल्यासारखं लागलं, तर घोडा कितीही उड्या मारत असला तरी खोगीर खुंटीवरच राहू द्या, डॉक्टरांना पाय दाखवा आणि ते हो म्हणेपर्यंत फक्त हाताने, सपाट जमिनीवर चालवा.